स्वतःचा व्यवसाय चालवताना उमेद आणि एकाग्रता कशी टिकवावी : नवोदितांसाठी मार्गदर्शक

नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करणारा माणूस वरिष्ठांच्या बोलण्यातून सुटतो, हे त्याला पहिल्याच दिवशी जाणवते. पण त्याबरोबर आणखी काय काय सुटले हे कळायला काही महिने जावे लागतात. ठरलेल्या वेळी हजर राहण्याची सक्ती, शेजारी काम करणारा सहकारी, काम कुठवर आले असे विचारणारे कोणीतरी आणि ठरलेल्या तारखेला हातात पडणारा पगार या चार गोष्टी माणसाला नकळत कामाला जुंपून ठेवत असतात. त्या एकदम नाहीशा झाल्या की सगळा भार मनाच्या लहरीवर येतो, आणि लहर काही रोज येत नाही. सुरुवातीचे दिवस नवेपणाच्या जोरावर निघून जातात. नंतर मात्र सकाळी काय करायचे ते ठरत नाही, दुपार किरकोळ कामांत सरते, रात्री अपराधी वाटते आणि आपल्यातच काही कमी असावे असे माणूस धरून चालतो.

हा ग्रह बहुधा चुकीचा असतो. नोकरीत आयती मिळणारी चौकट आता स्वतःच्या हाताने आणि आपल्या मापाने पुन्हा उभारावी लागते, आणि ती उभी राहिली की उमेद तिच्या मागून येते, अशी माझी धारणा आहे. पुढील सर्व पायऱ्या तिच्यावर बेतलेल्या आहेत. त्या क्रमाने दिल्या असल्या तरी सगळ्या एका आठवड्यात सुरू करण्याचा मोह आवरावा. एक अंगवळणी पडल्यावर दुसरी घ्यावी.

पहिली पायरी : टाळलेल्या कामांची नोंद ठेवावी

‘कामात मन लागत नाही’ या एका तक्रारीखाली निदान पाच निरनिराळ्या अडचणी दडलेल्या असतात. शरीर थकलेले असते, किंवा पुढे नेमके काय करायचे ते स्पष्ट नसते, किंवा नकाराची भीती असते, किंवा पैशाची काळजी आतून पोखरत असते, किंवा काम खरोखरच कंटाळवाणे असते. यातल्या प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. थकलेल्या माणसाला वेळापत्रक देऊन उपयोग नाही आणि घाबरलेल्या माणसाला सुट्टी देऊन उपयोग नाही. म्हणून उपायाकडे वळण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही जवळ ठेवावी. ठरवलेले काम सोडून आपण दुसरीकडे वळलो असे लक्षात आले की तीन गोष्टी लिहाव्यात : कोणते काम सोडले, त्या वेळी किती वाजले होते आणि त्याऐवजी काय केले. कारणमीमांसा त्याच क्षणी करू नये, कारण तेव्हा सुचणारे कारण बहुतेक वेळा सबब असते.

दोन आठवड्यांनी वही चाळली की एक ठळक गोष्ट दिसते. आपण सगळीच कामे टाळत नाही. तीच ती दोन-तीन कामे फिरून फिरून टाळत असतो. थकलेल्या बिलाची आठवण करून देणारा फोन, नव्या ग्राहकाला आपला दर सांगणे, जमाखर्च लिहिणे, बिघडलेल्या कामाबद्दल ग्राहकाशी बोलणे, अशी ती असतात. ही कामे अंगावर आली की माणूस दिवसभर दुसरी कामे उत्साहाने करतो, कपाट लावतो, बोधचिन्हाचा रंग बदलून पाहतो, आणि तरीही संध्याकाळी काहीच न केल्यासारखे वाटते. ही मरगळ दिवसभराची वाटली तरी तिचे मूळ एका न केलेल्या फोनमध्ये असू शकते. तो फोन सकाळी सर्वांत आधी करून टाकावा, आणि करण्यापूर्वी बोलायची पहिली दोन वाक्ये कागदावर लिहून घ्यावीत. ती वाक्ये समोर असली की आवाज स्थिर राहतो. हा उपाय क्षुल्लक वाटतो म्हणून सोडू नये.

नोंदीतील वेळेकडेही पाहावे. टाळाटाळ ठरावीक तासांतच होत असेल तर तिथे थकव्याचा संशय घ्यावा. कोणत्याही वेळी, पण एकाच प्रकारच्या कामाबाबत होत असेल तर भीतीचा किंवा अस्पष्टतेचा. इच्छाशक्ती टाकीतल्या पाण्यासारखी असते आणि वापरली की संपते, ही कल्पना बरीच वर्षे लोकप्रिय होती. पण 2016 साली 23 प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर ही कल्पना तपासणारा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम जवळपास आढळलाच नाही. त्यामुळे ‘माझी इच्छाशक्तीच कमी’ असे म्हणून विषय संपवू नये.

दुसरी पायरी : दिवसाला सुरुवात आणि शेवट द्यावा

काम सुरू करण्याची वेळ सगळेच ठरवतात. काम थांबवण्याची वेळ फार थोडे जण ठरवतात, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. हाताशी जेवढा वेळ असेल तेवढे काम पसरत जाते, असे सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 साली थट्टेच्या सुरात मांडले होते, पण स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला त्याचा प्रत्यय रोज येतो. रात्री उशिरापर्यंत काम करता येईल असे गृहीत धरले की सकाळचे काम रेंगाळते, आणि दिवसभर माणूस ना धड काम करतो ना धड विश्रांती घेतो. थांबण्याची वेळ ठरलेली असली की दुपारी चारच्या कामाला आपोआप धार येते.

त्यासाठी पुढील व्यवस्था करावी. कामाची एक जागा नेमावी. स्वतंत्र खोली नसेल तर टेबलाची एक बाजू पुरे, मात्र त्या जागी बसून करमणूक करू नये. कामाला बसण्यापूर्वी रोज एकच लहानशी कृती करावी, जसे की कालच्या वहीचे पान उघडून आजची तारीख घालणे. संध्याकाळी उठण्यापूर्वी दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि त्यांत दुसऱ्या दिवशीचे पहिले काम एका ओळीत लिहून ठेवावे. ‘संकेतस्थळाचे काम’ अशी ओळ निरुपयोगी आहे. ‘दरपत्रकाच्या पानावरील तिसरा परिच्छेद नव्याने लिहिणे’ अशी हवी. सकाळी विचार करावा लागू नये, थेट हात चालावेत, एवढाच या ओळीचा हेतू आहे.

ही सवय लागायला किती दिवस लागतात, असा प्रश्न येतोच. 21 दिवसांचा आकडा सर्वत्र सांगितला जातो, पण लंडनमधील संशोधक फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात नवी कृती आपसूक होऊ लागण्याचा कालावधी माणसागणिक 18 ते 254 दिवस असा निघाला आणि त्याचा मध्य 66 दिवसांचा होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखाद्या दिवशी खाडा पडल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत विशेष फरक पडत नाही. नवोदितांनी हे दुसरे निरीक्षण पक्के लक्षात ठेवावे, कारण वेळापत्रके मोडतात ती खाड्यामुळे कमी आणि ‘आता मोडलेच आहे तर राहू दे’ या विचारामुळे जास्त.

तिसरी पायरी : ध्येयाचे रूपांतर हातातल्या कामात करावे

‘या महिन्यात दहा नवे ग्राहक मिळवायचे’ हे ध्येय ऐकायला चांगले आहे, परंतु त्यातील अर्धा भाग ग्राहकांच्या मर्जीवर अवलंबून आहे. माणूस महिनाभर मनापासून झटतो, सात ग्राहक मिळतात आणि तो स्वतःला नापास ठरवतो. म्हणून प्रत्येक ध्येयाखाली पूर्णपणे आपल्या हातातले एक काम लिहावे : रोज तीन संभाव्य ग्राहकांशी संपर्क साधणे, आठवड्याला दोन जुन्या ग्राहकांना काम कसे चालले ते विचारणे, दिलेल्या प्रत्येक दरपत्रकाचा चौथ्या दिवशी पाठपुरावा करणे. रोजचा हिशेब या कामांचा ठेवावा आणि निकालाचा हिशेब महिन्यातून एकदाच करावा.

एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या कित्येक वर्षांच्या संशोधनातून असे दिसून आले आहे की ‘जमेल तेवढे चांगले करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड ध्येय दिल्याने काम अधिक होते. मात्र याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो नवोदितांना तंतोतंत लागू पडतो. काम गुंतागुंतीचे आणि आपल्याला नवे असेल तेव्हा निकालाचे कठीण ध्येय उलट बाधक ठरू शकते. अशा वेळी शिकण्याचे ध्येय ठेवणे हिताचे असते. ज्याने आजवर कधी विक्री केली नाही त्याने पहिल्या तिमाहीत विक्रीचा आकडा ठरवू नये, तर ‘ग्राहक नकार देण्याची पाच मुख्य कारणे शोधून काढणे’ असे ध्येय ठेवावे. यात नकारसुद्धा जमेच्या बाजूला येतो, ही त्यातली गंमत.

जे काम हमखास मागे पडते त्याला वेळेची आणि प्रसंगाची गाठ मारून ठेवावी. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी 1999 साली या पद्धतीचा सविस्तर आढावा घेतला होता : ‘जर अमुक घडले, तर मी तमुक करीन’ असे वाक्य आधीच ठरवून ठेवणारे लोक नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा ठरवलेली गोष्ट अधिक वेळा पार पाडतात. ‘हिशेब नियमित लिहीन’ हा नुसता निश्चय झाला. ‘शुक्रवारी दुपारचे शेवटचे काम हातावेगळे झाले की जागेवरून उठण्यापूर्वी आठवड्याची बिले नोंदवीन’ अशी गाठ मारली की आठवणीवर विसंबावे लागत नाही.

वेळेचा अंदाज बांधताना आपण सर्वच जण भाबडे असतो, हेही इथेच सांगितले पाहिजे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांहून अधिक लागले. व्यवसायात अशा चुकीची किंमत दुहेरी असते, कारण ग्राहकाला दिलेली तारीख चुकते आणि आपली उमेदही खचते. कल्पनेवर विसंबण्याऐवजी याआधीच्या तशाच कामाला किती वेळ लागला होता ते वहीत पाहावे. वहीत नोंद नसेल तर आपल्या अंदाजात निम्मी भर घालून ग्राहकाला तारीख द्यावी.

चौथी पायरी : लक्ष कुठे सांडते ते पाहून ते तुकडे जोडावेत

एकट्याने व्यवसाय करणारा माणूस दिवसभरात कारागीर, विक्रेता, हिशेबनीस आणि तक्रारी ऐकणारा अशा चार भूमिका वठवत असतो. भूमिका बदलताना लागणारा वेळ त्याला दिसत नाही. सोफी लरॉय यांनी 2009 साली दाखवून दिले की एक काम अर्धवट सोडून दुसरे हाती घेतले की मनाचा काही भाग पहिल्याच कामात रेंगाळतो आणि दुसऱ्या कामाचा दर्जा घसरतो. म्हणजे दर दहा मिनिटांनी संदेश पाहणाऱ्याची हानी संदेश वाचण्याच्या अर्ध्या मिनिटापुरती मर्यादित राहत नाही. पुढची काही मिनिटे तो अर्ध्या मनाने काम करत असतो.

यावर पहिला उपाय म्हणजे दिवसात एक सलग कालखंड राखून ठेवणे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दीड तासाने सुरुवात करावी. चार तासांची प्रतिज्ञा करू नये, कारण ती तिसऱ्या दिवशी मोडते. या दीड तासात फक्त एकच काम असावे, आणि ते असे असावे की ज्यातून व्यवसाय पुढे सरकतो : वस्तू घडवणे, मजकूर लिहिणे, नमुना तयार करणे, प्रस्ताव बांधणे. मोबाइल आवाज बंद करून शेजारी ठेवण्याऐवजी दुसऱ्या खोलीत किंवा बंद कप्प्यात ठेवावा. दीड तास जड वाटत असेल तर फ्रान्चेस्को चिरिलो यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थिदशेत स्वतःसाठी शोधलेली पद्धत वापरावी : 25 मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. माझा अनुभव असा की सुरुवातीच्या जडपणावर ही पद्धत उत्तम चालते, पण काम रंगात आले असताना गजर झाला तर तो खुशाल दुर्लक्षित करावा. घड्याळ आपल्यासाठी आहे.

‘ग्राहकाचा फोन उचलला नाही तर तो दुसरीकडे जाईल’ ही भीती अगदीच निराधार नाही. पण बहुतेक ग्राहकांना तत्काळ उत्तराहून खात्रीचे उत्तर हवे असते. संदेशांना उत्तर देण्याच्या दोन किंवा तीन वेळा नक्की कराव्यात, त्या ग्राहकांना आधीच कळवाव्यात, आणि आपोआप जाणाऱ्या उत्तरात ‘आज दुपारी एकपर्यंत उत्तर मिळेल’ असे स्पष्ट लिहावे. मग मात्र एकची वेळ चुकवू नये. ज्यांचा व्यवसाय समोर आलेल्या ग्राहकावरच चालतो त्यांना हे शक्य नसते. त्यांनी सलग कालखंड दार उघडण्यापूर्वी घ्यावा आणि इतर वेळी मोडता येण्याजोगी कामेच हाताशी ठेवावीत.

काम मध्येच सोडावे लागलेच, तर उठण्यापूर्वी ‘कुठे थांबलो आणि परतल्यावर पहिली कृती कोणती’ हे एका ओळीत लिहावे. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या 2011 सालच्या प्रयोगांत असे आढळले की अपुरी राहिलेली उद्दिष्टे मनात डोकावत राहतात, परंतु त्यांच्या पूर्ततेची नेमकी योजना आखली की, ती अद्याप पूर्ण झालेली नसली तरी, त्यांचा उपद्रव थांबतो. रात्री अंथरुणावर आठवणाऱ्या कामांनाही हेच औषध लागू आहे, म्हणून उशाशी कागद-पेन्सिल असावी.

पाचवी पायरी : पैशाची काळजी आठवड्यातल्या एका तासात कोंडावी

एकाग्रतेवरच्या बहुतेक लेखांत पैशाचा विषय येत नाही, याचे मला आश्चर्य वाटते, कारण व्यवसाय करणाऱ्याचे लक्ष मोबाइलइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, पैशाच्या काळजीने खाल्ले जाते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी कापणीपूर्वी आणि कापणीनंतर अशी दोनदा घेण्यात आली, तेव्हा तेच शेतकरी हातात पैसा आल्यानंतरच्या चाचणीत सरस ठरले. माणसे तीच होती. मनावरचे ओझे तेवढे उतरले होते.

पैसा मनाजोगता वाढवणे आपल्या हाती नसले तरी अनिश्चितता कमी करणे हाती असते. घरखर्चाचे आणि व्यवसायाचे बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे. व्यवसायाच्या खात्यातून घरच्या खात्यात दर महिन्याला एका ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम वळती करावी, म्हणजे स्वतःला पगार द्यावा. ती रक्कम कमी ठेवली तरी चालेल, पण नियम मोडू नये. चांगल्या महिन्यातील जास्तीची मिळकत खात्यातच राहू द्यावी, कारण वाईट महिन्याचा पगार तिच्यातून निघणार असतो. करापोटी द्यावी लागणारी रक्कम पैसे येताच बाजूला काढावी.

मग आठवड्यातून एक तास नेमून त्यात चार गोष्टी पाहाव्यात : खात्यात किती आहे, येणे किती आहे व कोणाकडून, देणे किती आहे व कोणाला, आणि आज एकही नवे काम आले नाही तर आहे त्या पैशांत किती महिने निघतील. हा शेवटचा आकडा काढायला पुष्कळ लोक घाबरतात. परंतु ‘चार महिने’ हा आकडा कितीही अपुरा वाटला तरी ‘कसे होणार कोण जाणे’ या धास्तीपेक्षा तो सुसह्य असतो, कारण त्याचे काहीतरी करता येते. त्याच तासात थकलेल्या येण्यांचे संदेश पाठवावेत. उर्वरित आठवड्यात पैशाचा विचार आला तर तो कागदावर टिपून त्या तासाकडे ढकलावा.

सहावी पायरी : सरकलेले काम डोळ्यांना दिसेल असे करावे

टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतील 238 कर्मचाऱ्यांच्या जवळपास 12,000 रोजनिशीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कामाचा चांगला दिवस ज्यामुळे चांगला ठरतो त्यांत अर्थपूर्ण कामात झालेली प्रगती, मग ती लहान का असेना, अव्वल निघाली. ते सर्व नोकरदार होते हे खरे, तरी ही गोष्ट मालकाला दुपटीने लागू पडते असे मला वाटते. नोकरदाराची प्रगती दुसरा कोणीतरी पाहत असतो, मालकाची मात्र त्याने स्वतः पाहिली नाही तर कोणीच पाहत नाही.

राहिलेल्या कामांची यादी प्रत्येकाकडे असते. झालेल्या कामांची यादीही ठेवावी. दिवसाअखेरीच्या त्याच दहा मिनिटांत आज काय पुढे सरकले ते दोन-तीन ओळींत लिहावे. ग्राहकाने केलेली स्तुती, त्याचे शब्द जसेच्या तसे, वेगळ्या पानावर उतरवून ठेवावेत. हे आत्मकौतुक नाही. पडत्या काळात मन खोटी साक्ष देते तेव्हा लागणारा तो पुरावा आहे.

छंदाचाच व्यवसाय केलेल्यांसाठी इथे एक वेगळी सूचना आवश्यक आहे. एडवर्ड डेसी यांनी 1971 साली विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती; ज्यांना त्यासाठी पैसे मिळाले त्यांची, पैसे बंद झाल्यावर, मोकळ्या वेळेत ती कोडी हाताळण्याची ओढ कमी झालेली दिसली. ज्या कामाची आवड होती तेच काम मागणीबरहुकूम करू लागल्यावर त्यातला रस आटला, अशी तक्रार करणारे म्हणजे कृतघ्न किंवा आळशी लोक नव्हेत. त्यांनी त्या कलेचा एक लहानसा भाग विक्रीपासून दूर ठेवावा आणि तो कोणालाही, कोणत्याही दराने, विकू नये.

सातवी पायरी : विचारणारे कोणीतरी नेमावे

डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे असे मांडले की आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टींची गरज असते : आपल्या मनाने वागण्याची मोकळीक, आपल्याला हे जमते ही भावना आणि माणसांशी नाते. व्यवसायात पहिली गोष्ट भरपूर मिळते, दुसरी हळूहळू येते आणि तिसरी बहुधा हरवते.

स्वतःचाच व्यवसाय करणारी, शक्यतो वेगळ्या क्षेत्रातली एक व्यक्ती शोधावी. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी अर्धा तास बोलावे आणि तीनच प्रश्न एकमेकांना विचारावेत : मागच्या आठवड्यात काय करणार होतो, काय झाले, पुढच्या आठवड्यात काय करणार. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नये. घरच्या माणसाला ही भूमिका देणे मी टाळण्यास सांगेन; त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यात गुंतलेला असतो, त्यामुळे साधी विचारपूसही जाब विचारल्यासारखी वाटते. घरच्यांना आपल्या कामाच्या वेळा मात्र स्पष्ट सांगाव्यात. घरी दिसणारा माणूस मोकळाच आहे असे त्यांना वाटले तर त्यात त्यांचा दोष नाही.

आठवी पायरी : झोपेशी आणि सुट्टीशी घासाघीस करू नये

ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी 1997 साली दाखवले की सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला त्या अवस्थेत पोहोचतो, आणि नेमक्या त्याच वेळी नवोदित व्यावसायिक दरपत्रके पाठवत असतात. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा असावा आणि तो ग्राहकांना माहीत असावा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली कामाच्या अतिताणातून येणाऱ्या अवस्थेची तीन लक्षणे नोंदवली आहेत : शक्ती संपल्यासारखा थकवा, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि कामातील परिणामकारकता घटणे. ही तिन्ही आठवडेच्या आठवडे टिकली, सुट्टी घेऊनही उतरली नाहीत, किंवा झोप, भूक आणि नात्यांवर त्यांचा परिणाम होऊ लागला, तर या लेखातील पायऱ्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे.

नववी पायरी : पडत्या काळाचे नियम चांगल्या काळात लिहावेत

कोणत्याही व्यवसायात असे आठवडे येतात की दिलेली सगळी दरपत्रके नाकारली जातात आणि जुना ग्राहक न सांगता निघून जातो. अशा वेळी डोक्यात रोज एकच प्रश्न घोळतो : हे चालू ठेवावे की सोडावे? हा प्रश्न रोज विचारणे हेच लक्ष विखुरण्याचे एक मोठे कारण आहे, कारण उद्या बंद करायच्या व्यवसायात आज मन ओतणे कोणालाच शक्य नसते.

त्यावर माझा उपाय असा आहे. मन शांत असताना एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, या प्रश्नाचा विचार करण्याची तारीख, साधारण तीन महिन्यांनंतरची. दुसरी, त्या तारखेला पाहायचे आकडे : किती महिन्यांचे पैसे शिल्लक आहेत, किती ग्राहक परत आले, ठरवलेली रोजची कामे खरोखर किती दिवस केली. तिसरी, कोणत्या आकड्याखाली गेल्यास व्यवसाय बदलायचा, आवरता घ्यायचा किंवा जोडीला नोकरी धरायची. रोजची कामे केलीच नसतील तर निर्णय पुढे ढकलून पुढचे तीन महिने ती करावीत, कारण अशा वेळी व्यवसायाची परीक्षा झालेलीच नसते. कामे नेमाने करूनही आकडे खालीच राहिले असतील तर तो उमेदीचा प्रश्न उरत नाही. दर, वस्तू किंवा ग्राहकवर्ग यांपैकी काहीतरी बदलावे लागेल, आणि त्याचा विचार आठवडी बोलण्यातल्या जोडीदारासमोर मांडावा.

कागदावर सही करून त्याची एक प्रत त्या जोडीदाराकडे द्यावी. ठरलेल्या तारखेआधी हा प्रश्न मनात आला तर कागदावरची तारीख वाचावी, कागद पुन्हा वहीत ठेवावा आणि आदल्या संध्याकाळी लिहून ठेवलेल्या ओळीतले काम सुरू करावे.